वाढणारीचा धागा

थांबा, हातातलं काम ठेवा. हे आत्ताच सांगायला हवं. आज वर्गात एका मुलीनं विचारलं, "बाई, भागाकारात बाकी उरते ती कुणाची?" आणि माझ्यापुढं आमच्या शेजारच्या मावशीच उभ्या राहिल्या.

दोन हजार पाचशे वीस. हा मावशींचा आकडा. घरी हातमाग. लुगड्याच्या अंगाला तेवढे उभे धागे, म्हणजे ताणा, तो मावशी गल्लीत खुंट्या ठोकून ताणायच्या. लिहिता येत नव्हतं. वीस धागे झाले की एक गाठ, बस्स. आणि हात पसरून म्हणायच्या, "एकापासनं धापर्यंत कितीबी पाव्हणे येऊ द्या. समद्यांस्नी सारखं वाढते. उपाशी कुणी न्हाय, उरलंसुरलं काय न्हाय."

पाहुणे म्हणजे लुगड्यावरचे पट्टे. सात पट्टे? तीनशे साठ धागे एकेकाला. नऊ? दोनशे ऐंशी. मी नवीनच मास्तरीण झालेले, पाटीवर करून बघितलं आणि पळतच गेले. "मावशी, एक ते दहा सगळ्यांनी भाग जाणारी ही सगळ्यात लहान संख्या आहे."

"ल्हान? एकदा ताणून बघा की मास्तरीणबाई, मग सांगा ल्हान का मोठी."

मग एका व्यापाऱ्यानं अकरा पट्टे मागितले. मावशींचा मुलगा म्हणाला, "अम्मा, ह्यात काय बिघडलं तर पुढनं गिरणीतला तयार ताणा आणतो. तू बस आता निवांत."

मावशींना निवांत बसणं म्हणजे शिक्षा. त्यांनी माझ्याकडं बघितलं. आणि मी, गणिताची मास्तरीण, भाग न घालताच म्हणाले, "दहापर्यंत जातो तर अकरानं का नाही जाणार? जाईल की."

"मास्तरीणबाई म्हनत्यात म्हंजे झालं."

सकाळी मावशींनी अकरा वाटे मांडले. पंगतीत वाढावं तसं आधी विसाच्या जुड्या वाढल्या, मग उरलेल्या पाच जुड्या सोडून सुटे धागे. सुट्यांच्या नऊ फेऱ्या झाल्या. एक धागा उरला. एकच. मुलगा समोर उभा. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मावशींनी तो धागा बोटाला गुंडाळला. "अकरा जण जेवले का? जेवले. मग ह्यो वाढणारीचा. तिनं काय उपाशी ऱ्हायाचं व्हय?" आणि तो काठाच्या शेवटच्या धाग्याच्या जोडीला लावून टाकला.

लुगडं विणून झाल्यावर व्यापाऱ्यानं काठावरून अंगठा फिरवला. "ह्या बारीला काठ लई घट्ट हाय. पुढचीबी अशीच द्या." मुलगा पुढच्या ताण्यासाठी खुंट्या ठोकायला गेला. मावशी मला हळूच म्हणाल्या, "भाग घालून बघत जावा की वो."

तयार ताणा आला शेवटी, पण मावशी गेल्यावर. त्या खुंट्यांना आता शेळ्या बांधतात. अकरा पट्ट्यांचं एक लुगडं मावशींनी मला दिलं होतं. आज तेच नेसून गेले होते. मुलीनं विचारलं तेव्हा अंगठा आपोआप काठावर गेला, आणि तो जोडीचा जाड धागा लागला.

"बाकी वाढणारीची," मी म्हणाले. तिनं पाटीवर लिहूनसुद्धा घेतलं.

तुमचं झालंय का कधी असं? गणित तुम्ही चुकवलं, आणि सांभाळून दुसऱ्याच कुणीतरी घेतलं?