उशीर विकायचा नाही

सखूमावशीच्या वरच्या पोर्शनमध्ये रितेश राहायला आला, तेव्हा करारनामा तिच्या मुलाने, नागसेनने, केला होता. त्यात त्याने मोठ्या हुशारीने एक ओळ घातली: पाच तारखेनंतर रोजचे शंभर रुपये दंड. कागदावर लिहिलं की काम झालं, असं या शिकलेल्या मंडळींना का वाटतं देव जाणे.

मी समोरच राहते, त्यामुळे पुढचं सगळं पाहिलंय. मी कोणाच्या बाजूची आहे तेही आधीच सांगून टाकते. विद्यानगरच्या या घराचा खालचा मजला उभा राहिला तो मावशीच्या नवऱ्याच्या, तातेरावांच्या, रेल्वेच्या पगारातून, आणि वरचा तिने स्वतः दवाखान्यात आयाची नोकरी करून चढवला. तातेराव गेल्यापासून तिची औषधं, करंट बिल, किराणा, सगळं वरच्या भाड्यावर चालतं. नागसेनला मात्र आई आपल्या फ्लॅटमध्ये यायला हवी होती आणि घर एजंटाच्या ताब्यात. बरीच हुज्जत होऊन ठरलं, की भाडं वेळेवर आलं तर ती इथे राहील, नाहीतर सामान बांधेल.

रितेश पहिल्याच महिन्यात वीस तारखेला उगवला. भाडं दिलं आणि न मागता दंडही दिला. दुसऱ्या महिन्यात तेच. फोनवर नागसेन खूश, म्हणे बँकेच्या व्याजापेक्षा बरं आहे. इकडे त्याच्या आईला आयुष्यात पहिल्यांदा दुकानदाराकडे उधारी मागावी लागली, ती कुठल्या व्याजात बसते? मला तर असा संताप आला होता. मावशीने रितेशला जिन्यात हटकलं, तेव्हा तो हसत म्हणाला, "अम्मा, लेट फी देरऊं ना मैं. परेशान नक्को हो."

म्हणजे गडी दंड भरत नव्हता, उशीर विकत घेत होता. मावशीच्या डोक्यात हे लख्ख बसलं.

पुढच्या महिन्यात सहा तारखेला सकाळीच ती प्लास्टिकची खुर्ची घेऊन वर गेली. रितेशच्या दारासमोर खुर्ची टाकली, मांडीवर अंबाडीची जुडी घेतली आणि आधीच्या दंडाचे पैसे त्याच्या हातात ठेवले.

"ये तेरी फी मेरेकू नक्को," ती म्हणाली. "भाड़ा टैम पे होना."

मग ती पानं खुडत बसली. शिवी नाही, आरडाओरडा नाही, पाणी तोडणं नाही. दूधवाला आला, पार्सलवाला आला, ज्याने विचारलं त्याला तिने बसण्याचं कारण शांतपणे सांगितलं. आत रितेशची ऑफिसची मीटिंग चालू होती. त्याने दार लावून घेतलं, तरी खुर्ची हलली नाही. दुपारी त्याने दार उघडलं, तर मावशीने अंबाडीची भाजी आणि भाकरी पुढे केली. बिचाऱ्याने उभ्याउभ्याच खाल्ली. ऊन उतरायच्या आत भाडं आलं, आणि त्यानंतर कधी पाच तारीख चुकली नाही.

तरीही मागच्या दोन महिन्यांच्या उशिरावर बोट ठेवून नागसेन एजंटाला घेऊन आलाच. आईने या वयात लोकांच्या दारात बसावं याची त्याला लाज वाटत होती. एजंट ऐटीत सांगू लागला, की आमच्याकडे उशिराचे रोजचे दोनशे लावतात. मावशी म्हणाली, म्हणजे तुम्ही उशीर महाग विकता, एवढंच. मी तो विकतच नाही.

नागसेन नरमला. तुझ्या सुनेने, स्वप्नाने, खोली तयार ठेवलीय, तिकडे तुला काय कमी पडणार आहे, असं तो विनवू लागला. त्याचं प्रेम खोटं नव्हतं, म्हणून मावशी आवाज न चढवता बोलली.

"येईन की मी तुझ्याकडे, पाहुणी म्हणून. पण पाहुणीला परत जायला स्वतःचं घर लागतं, बाळा. ते मी देत नाही."

एजंट दाराशी चपला शोधू लागला. मावशी उठली आणि नागसेनसाठी चहा ठेवायला आत गेली.