विहिरीची पहिली ओंजळ

थोरल्या भावजींना मी शेवटचं पाहिलं ते कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या दवाखान्यात. कुरुंदवाडजवळच्या आमच्या गावाहून सकाळच्या एसटीनं डबा घेऊन गेले होते. माझे मालक औषधं आणायला खाली गेलेले, त्यामुळं खोलीत आम्ही दोघंच. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी त्यांच्यासमोर माझ्या डोक्यावरचा पदर कधी खाली आला नव्हता, आणि धाकट्या भावाच्या बायकोशी त्यांनीही, एक वेळ सोडली तर, कधी थेट बोलणं केलं नव्हतं. काही हवं असलं की ते गोठ्यातल्या म्हशीला सांगत, आज भाकरी लवकर झाली तर बरं हुईल, आणि ते ऐकून मी तवा ठेवत असे. दवाखान्यात म्हैस नव्हती. त्यांनी खिडकीकडं बघत विचारलं, "पाणी कुठलं हाय?" घरचं, उकळून गार केलेलं, असं मी डब्याकडं बघून सांगितलं. मग ते प्यायले. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मालकांचा फोन आला. "दादा गेलं," एवढंच म्हणाले. त्याला आता दीड महिना होत आला.

भावजी लष्करात होते, पण त्यांच्या हातात बंदूक कमी आणि पाना जास्त. पंप बसवायचे, पाइप जोडायचे, छावणीला पाणी पुरवायचं, हे त्यांचं काम. नोकरीच्या शेवटी शेवटी ते शांतिसेनेतून आफ्रिकेतल्या एका देशात गेले. माझ्या चौथीपर्यंतच्या भूगोलात तो देश नव्हता. तिथं आपसातलीच लढाई चालू होती, हे मला मालकांकडून कळलं. परत आले ते गप्प होऊन आले. जाऊबाई आधीच गेलेल्या, मूलबाळ नव्हतं, म्हणून सोप्याशेजारच्या खोलीत ते आमच्यातच राहिले. उसाला पाणी पाजावं, म्हशीची धार काढावी, आणि माठात कुणी हात बुडवून पाणी घेतलं तर सगळा माठ ओतून द्यावा, असा त्यांचा दिवस जायचा. मालक म्हणायचे, मिलटरीनं आमच्या दादाला पाण्याचा हवालदार करून पाठवलाय.

गावाची जुनी विहीर आमच्या घराण्यातल्या कुणीतरी खोदलेली. तिचा गाळ काढला की पहिली ओंजळ आमच्या घरातल्या थोरल्या पुरुषानं कठड्यावर उभं राहून, सगळ्यांसमोर प्यायची, मग बायांनी घागरी सोडायच्या, अशी रीत होती. सासरे, म्हणजे भावजींचे आबा, होते तोवर तो मान त्यांचा. पुढं घरोघरी नळ आले आणि विहिरीकडं कुणी फारसं बघेना. मग महापूर आला. कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही गावात शिरल्या, नळाच्या मोटारी बुडाल्या, रस्ते बंद, टँकर येईना. पायाखाली पाणी, दारात पाणी आणि प्यायला घोटभर नाही. पूर ओसरल्यावर तरण्या पोरांनी इंजिन लावून विहीर उपसली. आत एक मेलेलं वासरू निघालं. गाळ काढला, कपार धुतली, ग्रामपंचायतीची जंतू मारायची टीसीएल पावडर टाकली. नवं पाणी काचेसारखं दिसत होतं. बाया घागरी घेऊन रांगेत, लेकरं कडेवर. सरपंचांनी बादली वर काढली आणि भावजींच्या पुढं धरली.

भावजींनी हात पुढं केले नाहीत.

"मी पिणार न्हाय," ते म्हणाले. "पाण्याचा नमुना कोल्हापूरला तपासायला जाऊ द्या, निकाल येऊ द्या. तवर कुणीच प्यायचं न्हाय. प्यायलासाच तर उकळून."

लोकांना आधी चेष्टा वाटली. मग कुणी म्हणालं, चुलीला वाळलेलं लाकूड गावात कुठं राहिलंय, गॅसच्या टाक्या वाहून गेल्यात, उकळायचं कशावर? शेजारच्या गोदाआक्कांच्या तोंडाला सगळं गाव वचकून. त्या रांगेतूनच बोलल्या, "पावणं, गोळीला न्हाय भ्यालासा, आन् पाण्याला भिताय व्हय? घरचा मान हाय म्हणून इच्यारलं. न्हायतर आमी काय तुमच्या परवानगीला थांबलोय?" गावातल्या माणसाला पावणं म्हणणं म्हणजे तू आता आमच्यातला नाहीस असं सांगणं. लोक हसले. मालकांचा चेहरा उतरला. घराण्याचा मान जाऊ नये म्हणून ते पुढं झाले, बादलीत हात घातले, ओंजळ तोंडाशी नेली... आणि भावजींनी फाडकन् त्यांच्या हातावर मारलं. पाणी दोघांच्या अंगावर सांडलं. सख्ख्या भावावर, साऱ्या गावासमोर. बादली त्यांनी गाळात उपडी केली आणि कठड्यावर बसून राहिले. ते उठेनात, म्हणून त्या दिवशी विहिरीत कुणी घागर सोडली नाही. गावाबाहेरचा रस्ता अजून पाण्याखालीच होता, पण दुसऱ्या दिवशी नावेतून पाण्याच्या बाटल्या आल्या आणि वेळ भागली.

दोघा भावांचं बोलणं मात्र तुटलं. मालक म्हणाले, माझ्या हातावर मारलं ते मारलं, कशापायी ते तरी सांगायचं का न्हाय? मी एकाच घरात दोन ताटं दोन वेळेला वाढू लागले. असेच बरेच दिवस गेले. एके दुपारी मी परड्यात भांडी घासत होते. भावजी गोठ्याशी येऊन उभे राहिले. म्हैस चरायला गेलेली होती, तरी ते रिकाम्या दावणीकडं बघूनच बोलू लागले.

त्या देशात, ते म्हणाले, लढाईत माणसाच्या आधी पाणी मारतात. पंपाचं डिझेल पळवतात, टाक्यांना भोकं पाडतात. गाव सोडून जाताना विहिरीत मेलेली गुरं टाकतात, कधी माणसंही, म्हणजे पळालेले लोक परत येऊन राहू नयेत. अशा एका गावची विहीर त्यांच्या तुकडीनं साफ केली. तिथल्या बाया लांबच्या नदीवरून पाणी आणायच्या, आणि त्या वाटेवर बंदूकवाले बसलेले असायचे. गेलेल्या सगळ्याच परत यायच्या असं नव्हतं. विहीर धुतली, औषध टाकलं, निकाल यायचा होता. बाया पिवळे कॅन घेऊन उभ्या होत्या, पण त्या पाण्यावर त्यांचा विश्वास बसेना. एका म्हातारीनं दुभाष्याला विचारलं, हा माणूस स्वतः पिईल का?

"मला आपली विहीर आठवली," भावजी म्हणाले. "कठड्यावर चढलो आन् ओंजळ प्यालो, आबा प्यायचं तसं. त्यास्नी काय ठावं ही आपल्याकडची रीत. त्यास्नी वाटलं, पाणी चांगलं हाय. त्या पाण्यावर न्हाय, माझ्या ओंजळीवर प्याल्या त्या."

त्यांना स्वतःला काही झालं नाही. त्या बायांच्या पोरांना जुलाब सुरू झाले. त्यातली काही वाचली नाहीत. भावजींना कुणी एका शब्दानं बोललं नाही, त्या बायाही नाहीत. त्या नुसत्या कॅन उचलून पुन्हा नदीच्या वाटेला लागल्या, बंदूकवाल्यांच्या समोरून.

मग ते पहिल्यांदा माझ्याकडं वळून बोलले. "दत्ताला तू सांग. मला त्येच्याम्होरं बोलायला हुईत न्हाय."

माझ्या मालकांना ते दत्ता म्हणत. संध्याकाळी मालक जेवायला बसल्यावर मी सगळं सांगितलं. इतकं सलग मी त्यांच्याशीही कधी बोलले नव्हते. ते ऐकत ऐकत जेवले, हात धुतले आणि तांब्या भरून सोप्याशेजारच्या खोलीत गेले. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. सकाळी दोघं मिळून उसात गेले.

लढाई म्हणजे बंदुका, एवढंच मला तोवर ठाऊक होतं. आता टीव्हीवर कुठल्या कुठल्या देशांतल्या बातम्या लागतात. पडलेली घरं दाखवतात, पळणारी माणसं दाखवतात. मी त्यांच्या हातातले कॅन बघते, भरलेले आहेत का रिकामे.

गेल्या आठवड्यात विहिरीचा गाळ काढला. नळाला हल्ली एकाआड एक दिवस पाणी येतं, म्हणून विहिरीची गरज लागतेच. आता थोरला पुरुष म्हणून मान मालकांचा. सरपंचांनी बादली धरली. मालकांनी ओंजळ भरली, थोडा वेळ तशीच धरून ठेवली आणि कठड्यावर सोडून दिली. "निकाल आल्यावर," म्हणाले, आणि खाली बसले, भावजी त्या दिवशी बसले होते त्याच अंगाला. कुणी हसतंय का म्हणून मी पदराआडून बघितलं. गोदाआक्कांनी आपली रिकामी घागर जमिनीवर टेकवली आणि ऐसपैस बसकण मारली.

"बसा गं," त्या बायांना म्हणाल्या. "ह्यांच्या घराकडं आता थांबायचा मान हाय."