दिसेल त्या झाडाचा पाला

बाईंना दिसेल त्या झाडाचा पाला तोंडात घालायची खोड होती. झाड रस्त्याच्या कडेचं असो, देवळाच्या आवारातलं असो, नाहीतर कुणाच्या कुंपणावरून बाहेर आलेली फांदी असो, बाई चालता चालता हात वर करायच्या, दोन पानं खुडायच्या, तळहातावर चुरगाळून वास घ्यायच्या आणि एक दाताखाली धरायच्या. मग थुंकून म्हणायच्या, "न्हाई." एवढंच. मी परभणीच्या कृषी विद्यापीठात तीस वर्षं कारकुनी केलेली बाई. झाडांतलं मला काही कळत नाही, पण परक्या देशातला पाला न विचारता खाऊ नये एवढं कळतं. मी तसं म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "बकऱ्या खात्यात की. मला काय हुतंय?"

परका देश म्हणजे बाली. तिथल्या एका योगकेंद्रात मी दोन महिने राहिले, आणि मी तिथं का होते हे सांगितल्याशिवाय बाईंचं काही सांगता येणार नाही.

माझे यजमान गेले त्याला तेव्हा चार महिने झाले होते. सकाळी अंगणात मोटारसायकल पुसत होते, दुपारी नव्हते. मी रडले नाही. आमच्याकडं स्मशानातून माणसं परतली की शेजारपाजारचं कुणीतरी पिठलं-भाकरी घेऊन येतं, भाकरीच्या तुकड्यात कडुलिंबाचा पाला घालतं आणि घरच्या प्रत्येकाच्या तोंडात घास देतं. त्याला कडू घास म्हणतात. तो आपल्या हातानं घेता येत नाही, दुसऱ्या घरच्याच हातानं घ्यावा लागतो. तो घास उतरला की माणूस रडतं, मग जेवतं, मग हळूहळू कामाला लागतं. माझे दात उघडले नाहीत. तीन बायकांनी प्रयत्न करून पाहिला आणि सोडून दिला. तेराव्यापर्यंत मी पाहुण्यांना चहा नेऊन देत होते, कुणाची गाडी किती वाजता आहे ते विचारत होते. लोक कुजबुजायला लागले. मुलगी घाबरली आणि तिनं कुठून कुठून चौकशी करून मला बालीला नेऊन घातलं. मला काय, कुठंही चालणार होतं.

केंद्रातला योगशिक्षक आपल्याकडचाच, बाईंचा जुना विद्यार्थी. बाई चारठाण्याच्या. जिंतूर तालुक्यात जन्मभर शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, भाऊ आणि भावजय यांच्याबरोबर राहत होत्या. त्या विद्यार्थ्यानं फारच हट्ट केला म्हणून त्या दोन महिन्यांसाठी आल्या होत्या, आणि येताना पाच किलो ज्वारीचं पीठ घेऊन आल्या होत्या. आम्हा दोघींना एकच खोली दिली. मी बॅग ठेवते न ठेवते तोच त्यांनी विचारलं, "कोन गेलं?" मी सांगितलं. "घास घेतलास?" मी नाही म्हटलं. त्यांनी पिठाचा डबा फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालो तेव्हा त्यांनी पहिलं पान तोडलं. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. तेव्हा डोक्यात काहीच येत नव्हतं.

दिवस मोठ्या शिस्तीत जायचे. पहाटे प्राणायाम, मग आसनं, मग पपई आणि भात, दुपारी विश्रांती, संध्याकाळी पुन्हा आसनं. शवासनात माझा पहिला नंबर होता. अंग सैल सोडा म्हणायचा अवकाश, माझं सुटलेलंच असायचं. एक जर्मन बाई तर हे कसं जमतं म्हणून मला विचारायला आली होती. बाईंना मात्र शवासन अजिबात जमत नसे. त्या पाच मिनिटांत चार वेळा कूस बदलायच्या आणि शिक्षकाला सुनवायच्या, "हे पुढं करायचंच हाय की रे. आत्ताच कशाला तालीम?"

बाईंच्या मनगटावर चावीचं घड्याळ होतं आणि ते त्यांनी चारठाण्याच्या वेळेवरच ठेवलं होतं. आपल्यापेक्षा बालीचं घड्याळ अडीच तास पुढं. त्यामुळं किती वाजले असं बाईंना विचारलं की दरवेळी गणित करावं लागायचं. आम्ही नाश्ता करत असलो की त्या घड्याळ बघून म्हणायच्या, "दादा उठला आता. म्हशीला पेंड घालायलाय." दुपारच्या जेवणाला बसलो की, "वहिनी चहासाठी हाका मारायली, अन् दादा ऐकूच आलं न्हाई असं करायलाय." मला त्यांच्या दादाचं सगळं वेळापत्रक पाठ झालं होतं. माझ्या घरात किती वाजता काय चालायचं, हे मात्र मी आठवू देत नव्हते.

आठवड्यातून एकदा केंद्राची गाडी आम्हाला कुठंतरी फिरायला न्यायची. बाजारात बाई थेट दखनी हिंदीत भाव करायच्या, "कैसे दिये गे अम्मा?" समोरची बाई तिच्या भाषेत उत्तर द्यायची आणि दोघींचं छान जमायचं. केंद्राच्या जागेच्या मालकीणबाई रोज सकाळी उंबऱ्यापुढं पानाच्या छोट्या द्रोणात फुलं, भाताची शितं आणि उदबत्ती ठेवायच्या. बाई त्याला वळसा घालून जायच्या आणि मलाही दंडाला धरून वळवायच्या, कारण मी बिनदिक्कत तुडवत निघालेली असायचे. समुद्र त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिला. तोही चाखला. "एवढं पानी अन् घोटभर प्यायच्या कामाचं न्हाई," म्हणून गुडघाभर पाण्यात उभ्या राहून खूप हसल्या. मी वाळूत बसून चपला सांभाळत होते. आणि हे सगळं करताना पानं चाखणं चालूच होतं. चिंच सापडली, शेवगा सापडला. "न्हाई" म्हणून बाई पुढं चालायच्या.

सहाव्या आठवड्यात एके दुपारी मी वर्गातून खोलीवर आले, तर बाई पायरीवर बसल्या होत्या. केस ओले, पाठीवर मोकळे सोडलेले. सकाळी त्यांची आंघोळ झालेली मी पाहिली होती. फोन शेजारी पालथा पडला होता. मी विचारलं, "बाई, पुन्हा न्हालात?" त्या म्हणाल्या, "उकडायलंय लय." मी बरं म्हटलं आणि आत गेले. भर दुपारी डोक्यावरून पाणी घेतलेली बाई पाहिली की आमच्याकडची कुठलीही बाई आधी कोण गेलं ते विचारते. कुणाची वाईट बातमी कळल्याशिवाय असं कुणी न्हात नाही. मला मात्र काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बसलो तेव्हा बाईंचं घड्याळ बालीच्या वेळेवर आलेलं दिसलं. मला एवढंच वाटलं, बरं झालं, आता गणित नको.

त्यानंतर चार दिवसांनी आम्हाला दक्षिणेकडच्या एका कड्यावरचं देऊळ बघायला नेलं. तो भाग कोरडा, खडकाळ, थेट आपल्याकडच्यासारखा. तिथली माकडं चष्मे पळवतात असं ड्रायव्हरनं आधीच बजावलं होतं, तरी एकानं बाईंचा चष्मा नेलाच. शाळेत वापरायचा आवाज काढून बाई त्याच्यावर ओरडल्या, "ठेव खाली! ठेव म्हणलं ना!" माकडानं खरंच ठेवला. तो उचलायला बाई वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. खाली बारीक पिवळी पानं पडली होती. त्यांनी वर पाहिलं, एक डहाळी ओढली, पान चावलं. या वेळी थुंकल्या नाहीत. "लिंब," म्हणाल्या, आणि ओच्यात मावेल तेवढा पाला भरून घेतला. देऊळ आम्ही पाहिलंच नाही.

दुपारी परतल्यावर बाईंनी केंद्राच्या स्वयंपाकघरात जाऊन पिठलं केलं. राहिलेल्या पिठात अळ्या झाल्या होत्या. ते त्यांनी चाळून घेतलं आणि तव्यावर जेमतेम दोन भाकरी थापल्या. मला जमिनीवर समोर बसवलं. "उघड तोंड," म्हणाल्या. मी उघडलं. ऊर वगैरे काही भरून आलं नव्हतं. श्वास घ्या, श्वास सोडा, पाय वर करा, असं ऐकत राहायची सवय लागली होती, त्यातलंच हे एक. त्यांनी घास माझ्या तोंडात घातला. मी चावला, गिळला.

"कडू लागला?"

"नाही."

"असं कसं? झाड तर तेच हाय." बाईंनी चार पानं एकदम आपल्या तोंडात टाकली आणि चावत राहिल्या. त्यांचे डोळे गच्च भरले. मला वाटलं, पाला लागला असेल. ताटात पाला घातलेला दुसरा घास तयार होता. बाई हात मांडीवर ठेवून, तोंड थोडं उघडं ठेवून, माझ्याकडं बघत बसल्या होत्या. मी म्हटलं, "माझं झालं, बाई." उठले, हात धुतले आणि जाऊन झोपले.

पुढं दोन आठवड्यांनी आम्ही परत आलो. परभणीच्या स्टेशनवर त्या जिंतूरच्या गाडीसाठी रिक्षात बसल्या आणि मला म्हणाल्या, "ये गं चारठान्याला. देवळं दाखवते." मी येते म्हटलं. गेले नाही. फोनवर बोलायचे, तेही त्यांनी केला तरच. माझं कामावर जाणं, भाजी आणणं, सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त जेवणात मीठ जास्त झालं की कमी, ते मुलीला विचारावं लागायचं.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. झोपेतच. त्यांच्या भावजयीचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा घाईनं काहीतरी केलं. पिठलं केलं, भाकऱ्या थापल्या, फडक्यात बांधल्या आणि जिंतूरमार्गे चारठाण्याला पोचले. सगळं उरकलं होतं. दारातच कडुलिंबाचं झाड होतं, केवढं तरी मोठं. मी पाला तोडला आणि त्यांच्या वहिनींच्या तोंडात घास दिला. त्यांनी तो मुकाट खाल्ला. मी इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, "दादा कुठं आहेत?"

वहिनी म्हणाल्या, "ह्यांना जाऊन दीड वरीस झालं की. बाईंनी सांगितलं न्हाई तुमाला? त्या तिकडं समुद्रापल्याड असतानाच गेले." मग डोळे पुसत म्हणाल्या, "मला बाईंचाच घोर लागला व्हता. फोनवर म्हणलं, तिकडं परमुलखात तुमाला घास कोन देईल ओ? तर म्हणल्या, वहिनी, माझ्यासंगं परभणीची वंदना हाय. तिनं केलं पिठलं, तिनं पाला हुडकला, अन् बळंच घातला माझ्या तोंडात. तुमी माझी फिकीर करू नका. तीच वंदना का तुमी?"

मी हो म्हटलं.

"मग तुमी काय परक्या न्हाईत," असं म्हणून वहिनींनी माझ्याच फडक्यातली भाकरी मोडली, त्यात पाला घातला आणि घास माझ्या तोंडाशी आणला.

तो कडू लागला. इतका कडू की चावता येईना आणि थुंकताही येईना. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या जिभेला काहीतरी कळलं होतं. मी त्या अंगणात बसून मोठ्यानं रडले. बायका जमल्या, कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. मी बाईंसाठी रडतेय असं त्यांना वाटलं, आणि खोटं नव्हतं ते. यजमानांसाठीही रडले. पण डोळ्यांपुढून हलत नव्हता तो बालीतल्या ताटातला दुसरा घास. त्याच्या पलीकडं, तोंड थोडं उघडं ठेवून, बाई अजून माझ्याकडं बघत होत्या.