अ. ब. क. यांना घेऊन या

मास्तरकीत किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपले आपण साचतात. आठवडी बाजाराच्या दिवशी गोंदियाकडच्या गोरेगावात आम्ही चार मित्र चहाला जमलो की कोणीतरी म्हणतंच, "सांग ना बे, तुझ्या वर्गाचं एखादं!" मी सांगतो. सगळे हसतात, मीही हसतो. मग मोटरसायकलला किक मारून एकटा घरी निघालो की त्याच किश्श्याचं हसू येत नाही. असं का होतं ते मला माहीत आहे, पण ते चहावर सांगण्यासारखं नाही. आज सांगून टाकतो.

मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. म्हणजे तास झाला तर मी मास्तर, नाही झाला तर रिकामा. दर सत्राला नेमणुकीसाठी नव्यानं अर्ज करायचा. अकरा वर्षं करतोय. माझ्या वाट्याला आलेला वर्ग म्हणजे बी.ए.च्या मराठीच्या पेपरात पुन्हा पुन्हा नापास झालेली सोळा जणं. कागदावर त्याचं नाव 'भाषा कौशल्य विकास वर्ग'. कॉलेजात मात्र सगळे त्याला 'कच्चा वर्ग' म्हणतात, शिपायासकट! ग्रंथालयाच्या मागं व्हॉलीबॉलची जाळी ठेवायची एक खोली आहे, तिथं तो भरतो.

* * *

जानेवारीत पहिल्या दिवशी मी मोठ्या प्रेमानं विचारलं, "तुम्हाला नेमकं काय येत नाही, ते मोकळेपणानं सांगा."

मी पुन्हा विचारलं. शेवटी मागच्या बाकावरून हौसलाल उठला. हा सकाळी राइस मिलमध्ये पोती उचलून वर्गाला यायचा, केसांत भाताचा कोंडा तसाच.

"सर, काय येत नाई ते आमाले मालूम असतं, तं आमी इथं कायले आलो असतो?"

वर्ग खो खो हसला. मी फळ्याकडे वळून 'विरामचिन्हे' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि तास पंधरा मिनिटं आधीच संपवला.

* * *

निबंध दिला, 'माझी आई'. सोळा निबंध आले. सोळाही आया बँकेत नोकरीला! सोळाही जणी रविवारी घरी केक बनवत होत्या. बाजारात मिळणाऱ्या गाइडमधला तो निबंध सगळ्यांनी शाळेपासून पाठ केलेला.

वर्गात सगळ्यात सुंदर अक्षर डिलेश्वरीचं. ही बोदलकसाकडची, दोन बस बदलून यायची. मी तिला विचारलं, "तुझी आई खरंच बँकेत आहे?"

"नाई सर. धानाच्या रोवन्याले जाते. बाकी दिवस तलावावरची मच्छी बाजारात नेते."

"मग तेच लिही की! किती छान निबंध होईल!"

तिनं वहीकडे पाहत विचारलं, "त्याले मार्क कोन देईन?"

दर वर्षी पेपरांचे गठ्ठे तपासायला मीही बसतो. घाईघाईत, पानं उलटत. मच्छी विकणारी आई आली असती तर मीही तिला केकवालीपेक्षा दोन मार्क कमीच दिले असते.

* * *

पुढच्या आठवड्यात 'मी पाहिलेला अपघात'. हौसलालनं लिहिलं, 'इतक्यात सायरन वाजवत रुग्णवाहिका आली आणि जखमीचे प्राण वाचले.'

त्याचा मोठा भाऊ आदल्याच वर्षी रस्त्यावर अपघातात गेला होता, हे मला दुसऱ्या मुलांकडून कळलेलं. मी त्याला तास संपल्यावर थांबवून घेतलं. म्हटलं, "हौसलाल, तू तर डोळ्यांनी पाहिलंस. गाडी किती वेळात आली होती?"

"पाऊन घंट्यानं जी."

"मग इथं असं का लिहिलंस?"

"गाइडमध्ये दहा मिनटांत येते." वही बंद करत तो म्हणाला, "गाइडमधलंच राहू द्या सर. ते बरं हाये."

मी त्याला दहापैकी आठ दिले. त्यानंतर बरेच दिवस मी गाइडला शिव्या दिल्या नाहीत.

* * *

आता टेकचंद. हा वर्गात सगळ्यात वयस्कर, एकतीस वर्षांचा. पहिल्या दिवशी प्राचार्यांनी त्याला कोणाचा तरी पालक समजून खुर्ची दिली होती! सात वर्षांपूर्वी मराठीच्या एका पेपरावरून त्याची पदवी अडली आणि तो शेती करत राहिला. मी विचारलं, "आता काय एकदम पदवी आठवली?"

"पदवीचं सोडा सर. मले अर्ज लिवाले शिकवा."

मग त्यानं सांगितलं. त्याचे आजोबा गावचे पाणकर. म्हणजे तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, कधी सोडायचं हे ठरवणारा माणूस. त्यांच्या काळी तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, कुठं झिरपताना दिसली की ते पाळीवर उभं राहून हाक द्यायचे. घरटी एक माणूस आणि एक टोपली हजर व्हायची, दिवस मावळेपर्यंत पाळ दुरुस्त! कागद नाही, सही नाही. आता तलाव सरकारचा. परवानगीशिवाय टोपलीभर माती टाकली तरी नोटीस येते.

पाळ दोन वर्षांपासून झिरपत होती. यंदा पावसाळ्याआधी दुरुस्त झाली नाही तर जाईल, हे टेकचंदला पक्कं ठाऊक होतं. खालच्या सगळ्या बांध्या तिच्या भरवशावर. आणि त्याचा प्रत्येक अर्ज पाटबंधाऱ्याच्या कचेरीतून परत येत होता. कधी विषय नाही म्हणून, कधी तारीख नाही म्हणून.

"आजाले एक आवाज द्या लागे," तो म्हणाला. "मले अर्ज द्या लागते. अन् तोच येत नाई!"

* * *

मला एकदम स्फुरण चढलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी खऱ्या कामासाठी मराठी शिकायला आलं होतं. मी वर्गाला म्हटलं, "चला, आपण सगळे मिळून टेकचंदच्या तलावाचा अर्ज लिहू!"

आठ दिवस आम्ही तोच लिहिला. प्रति, विषय, महोदय, परिच्छेद पाडून. हौसलालनं पाळीची लांबी किती पावलं ते विचारून घातलं. शेवटी डिलेश्वरीनं मोत्यासारख्या अक्षरात पक्का अर्ज उतरवून काढला. मी सवयीनं शेवटी लाल पेनानं बरोबरची खूण केली आणि 'छान' लिहिलं. मग लक्षात आल्यावर कपाळावर हात मारला, तर तिनं हसून त्याच अर्जाची दुसरी प्रत काढून दिली, शब्दन् शब्द तशीच. टेकचंद ती घेऊन गोंदियाला गेला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून आला.

तीन आठवड्यांनी तो चौकशीला गेला. बाबूनं फाइल उघडून अर्ज त्याच्यासमोर सरकवला.

"भैया, ये अ. ब. क. कौन हैं? उनको लेके आओ. अर्जदार के बिना हम क्या करेंगे?"

अर्जाखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'आपला विश्वासू, अ. ब. क., शांतीनगर.'

परीक्षेत उत्तरपत्रिकेवर स्वतःचं नाव लिहायचं नसतं. पेपर कोणाचा ते तपासणाऱ्याला कळू नये म्हणून. त्यामुळे पाचवीपासून प्रत्येक पत्राखाली, प्रत्येक अर्जाखाली ही मुलं अ. ब. क. लिहीत आलेली. ते आमच्यापैकी कोणाच्याही डोळ्यांना खुपलं नाही. सोळा जणांच्या नाही, आणि माझ्याही नाही.

मी टेकचंदला म्हटलं, "अरे, पण तू तरी देताना वाचायचंस!"

"वाचलं ना सर. पन पैल्या कागदावर तुमची लाल खून होती."

* * *

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. राग स्वतःवरचा, निघाला वर्गावर. "फाडा ते गाइड! यापुढे जिथं जिथं लिहाल तिथं स्वतःचं नाव लिहा! पूर्ण नाव, गाव, वय! मी सांगतो म्हणून लिहा!"

सगळ्यांना अर्ज पुन्हा लिहायला बसवलं, स्वतःच्या नावानं. आणि गंमत बघा, डिलेश्वरी नाव लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. हौसलाल तर पेन तोंडात धरून बसला.

"काय झालं रे?"

"सर, नाव लिवलं तं मंग आपल्यालेच धरतीन ना!"

टेकचंदनं मात्र लिहिलं. पूर्ण नाव, वय, गाव, मोबाइल नंबर. एप्रिलमध्ये तो अर्ज कचेरीत गेला आणि या वेळी शिक्का मारलेली पोच मिळाली. त्यानं तिला प्लॅस्टिक चढवून आणलं आणि वर्गात सगळ्यांना हाताळायला दिली. जाळीच्या खोलीत आम्ही पेढे खाल्ले!

मे गेला. जून गेला. पाळीवर कोणी आलं नाही.

* * *

ऑगस्टमध्ये तीन दिवस पाऊस लागून राहिला आणि चौथ्या दिवशी दुपारी पाळ गेली. जीव कोणाचा गेला नाही, पण रोवणा, नुकतीच लावलेली भातरोपं, वाहून गेला आणि खालच्या बांध्यांत गुडघाभर रेती भरली. टेकचंदच्या दोन बांध्या त्यातच.

मला वाटलं, आता तो येत नाही. पाचव्या दिवशी आला. नेहमीच्या जागी बसला आणि वही उघडली.

"आज काय शिकवून राहिले, सर?"

अभ्यासक्रमात त्या दिवशी आभाराचं पत्र होतं. म्हटलं, ते राहू दे, दुसरं काहीतरी घेऊ.

"शिकवा जी. परीक्षेत आलं तं?"

मी शिकवलं. सगळ्यांनी लिहिलं. टेकचंदनं पत्र लिहिलं ते कचेरीतल्या बाबूला. त्यानं पोच दिल्याबद्दल आभार मानले होते. मी पाहतच राहिलो, तर म्हणाला, "त्यानं पोच तं देल्ली ना, सर." खाली पूर्ण नाव, वय, गाव.

ते नाव पाहून मला तेव्हाच काही सुचायला हवं होतं. सुचलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर तेवढी रेती होती.

* * *

हिवाळी परीक्षा झाली. प्रश्न आला, 'आपल्या गावातील एखाद्या समस्येबाबत संबंधित अधिकाऱ्यांना अर्ज लिहा.' कच्च्या वर्गातल्या पंधरा जणांनी डांबरी रस्त्यासाठी अर्ज केला, अ. ब. क. या नावानं. पंधराही पास झाले! डिलेश्वरीला तर सगळ्यांत जास्त मार्क.

सोळाव्याचा निकाल राखून ठेवला. उत्तरपत्रिकेत स्वतःची ओळख उघड केली म्हणून गैरप्रकाराचा ठपका. कॉलेजला चौकशी करायला सांगितलं.

प्राचार्यांच्या खोलीत प्राचार्य, दोन जुने प्राध्यापक आणि विषयशिक्षक म्हणून मी. समोर टेकचंद उभा. टेबलावर त्याच्या पेपरची झेरॉक्स, आणि काचेच्या पेपरवेटखाली माझा पुढच्या सत्राच्या नेमणुकीचा अर्ज. प्राचार्यांनी झेरॉक्स मोठ्यानं वाचली.

'विषय : तलावाच्या पाळीबाबत. महोदय, एप्रिलमधला माझा अर्ज पाळीच्या दुरुस्तीसाठी होता. आता दुरुस्तीची गरज उरलेली नाही, कारण पाळ उरलेली नाही. तरी तो अर्ज रद्द समजावा आणि या अर्जाची पोच द्यावी, ही विनंती.'

खाली पूर्ण नाव. वय. गाव. मोबाइल नंबर.

व्याकरणाची एकही चूक नव्हती. जुन्यांपैकी एक जण म्हणालेसुद्धा, "अर्ज चांगला आहे हो. नऊ मार्क बसले असते."

"उत्तरपत्रिकेत नाव लिहायचं नसतं, माहीत नाही?" प्राचार्यांनी विचारलं. "पत्रिका रद्द होईल. कोणी शिकवलं हे असं लिहायला?"

मला माझंच ओरडणं ऐकू आलं. जिथं जिथं लिहाल तिथं. परीक्षेत मात्र नको, हे तीन शब्द सांगायचे माझ्याकडून राहून गेले होते. ते आत्ता सांगायचे होते. मी पेपरवेटकडे पाहत होतो.

टेकचंदनं माझ्याकडे मान वळवली नाही. म्हणाला, "कोनी नाई शिकवलं जी. मनानंच लिवलं."

मी गप्प बसलो. हे चहावर मी कधीच सांगत नाही. मी गप्प बसलो.

"ठीक आहे," म्हणत प्राचार्यांनी एक कोरा कागद त्याच्याकडे सरकवला. "आता बोललास तसा लेखी खुलासा दे. स्वतःच्या अक्षरात."

टेकचंद टेबलाच्या कडेला वाकून लिहू लागला. उजवीकडे तारीख. प्रति. विषय. महोदय. मी शिकवलं होतं तसं, समास सोडून. शेवटच्या ओळीनंतर पूर्णविराम दिला, आणि पेन थांबलं. त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"सर, खाली नाव लिवू का अ. ब. क.?"