लेकीचं बाळंतपण आणि दुसरीचा वर्ग

माझ्या मुलीला पहिल्या बाळंतपणाला मी जिल्हा परिषदेच्या शाळेत उतरवलं. दुसरीच्या वर्गात. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, मग माझं तोंड बघतो आणि विचारतो, "खरंच?" खरंच. त्यातही सगळ्यात मोठा धक्का मलाच बसला होता, पण ते कुणी ऐकून घेत नाही.

साथीचा तो पहिला उन्हाळा. आमचं गाव उंब्रजपासून आत, नदीच्या अंगाला. मी सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन घरी आलेलो. आमच्याकडं निवृत्त फौजीला गाव दोनच कामं देतं. झेंडावंदनाला 'सावधान' ओरडायचं आणि संकट आलं की समितीचं अध्यक्ष व्हायचं. मी नको नको म्हणालो (एकदा) आणि अध्यक्ष झालो. वेशीवर दस्तगीरनं लोखंडी पाइपाचं फाटक करून दिलं. दस्तगीर म्हणजे आमचा वेल्डिंगवाला, माझा लहानपणापासूनचा दोस्त आणि समितीचा सभासद. तो फार कमी बोलतो, म्हणून मला त्याची जरा भीतीच वाटते.

नियम मी एकट्यानं केला आणि एका वाक्यात केला. बाहेरनं येईल तो चौदा दिवस शाळेत, मग तो कुणाचा कोण का असेना. शाळा वेशीला लागूनच, त्यामुळं फाटकातनं आत घेतला की सरळ वर्गात घालता यायचा. पहिला सापडला संपत. पुण्यात टेम्पो चालवायचा, धंदा बंद झाला म्हणून टेम्पो घेऊन घरी आला होता. त्यानं हात जोडून सांगितलं, माझी रानात वेगळी खोली हाय, आत बसतो, कारभारीण दारात ताट ठेवून जाईल. वर म्हणाला, "सुभेदार, माझ्या घरात गप बसायला बी तुमची परवानगी लागती व्हय?"

ह्या प्रश्नावर मी त्याला उन्हात उभं करून भाषण दिलं. आज तुला खोली पाहिजे, उद्या पारावर गप्पा हाणायला येशील. स्वातंत्र्य म्हणजे मोकाट सुटणं न्हवं. हे वाक्य मला इतकं आवडलं की संध्याकाळी देवळाच्या कर्ण्यावरून मी ते पुन्हा म्हटलं. संपत बिचारा वळकटी काखेत मारून पहिलीच्या वर्गात गेला.

इकडं आमच्या घरी वैशूच्या बाळंतपणाची तयारी चालू होती. वैशू ही आमची एकुलती एक लेक, सांगलीला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ह्यात आमच्याकडं चर्चाच नसते. माझी बायको शालन दोन महिने त्याच कामात होती. आतल्या खोलीला चुना दिला, बाज नवी विणून घेतली, खारीक-खोबरं कुटलं, डिंक तळला. जावयानं प्रवासाचा पास काढला. मी स्वतः फोन करून त्याला रस्ता सांगितला, कुठं खड्डे आहेत तेही सांगितलं. आणि एवढं सगळं करताना माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की सांगली म्हणजे बाहेर. देवाशपथ सांगतो, आलं नाही. 'बाहेर' म्हणजे पुणं, 'बाहेर' म्हणजे मुंबई. माहेरी येणारी लेक कधी बाहेरची असते का?

गाडी वेशीवर आली तेव्हा शालन फाटकाच्या अलीकडं भाकरतुकडा घेऊन उभी होती, लेकीवरनं ओवाळून टाकायला. निम्मं गाव लांब लांब उभं होतं. मी ऐटीत दस्तगीरला म्हणालो, उचल फाटक. दस्तगीरनं पाइपावर हात ठेवला आणि उचललाच नाही.

"सुभेदार," तो हळू म्हणाला, "गाडी घरला न्यायची का शाळंत?"

मला वाटलं, हा गंमत करतोय. दस्तगीरनं आयुष्यात कधी गंमत केलेली नाही, हे मला त्याच्या चेहऱ्याकडं बघितल्यावर आठवलं. मी म्हणालो, अरे, ती बाळंतपणाला आलीया. तो म्हणाला, व्हय, पन सांगलीस्नं आलीया. मी घाईघाईनं म्हणालो, तिची आत वेगळी खोली हाय, ती आत बसंल, तिची आई दारात ताट...

आणि तिथंच माझी नजर शाळेकडं गेली. शाळेच्या खिडकीत गज धरून संपत उभा होता. मला वाटलं, आता हा हसणार, टोमणा मारणार. मी मनातल्या मनात उत्तरही तयार केलं. पण तो शांतपणे म्हणाला, "दुसरीचा वर्ग कोरडा हाय, सुभेदार. पहिलीच्या वर्गात पत्र्यातनं ऊन लय लागतंय."

गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. फाटक उचललं असतं तर संध्याकाळच्या आत निम्म्या पुण्याला माझ्या वेशीतनं आत घ्यावं लागलं असतं. नाही उचललं तर पोटुशी लेक शाळेत. शेवटी वैशूच गाडीतनं उतरली. कमरेवर हात ठेवून तिनं एकदा शाळेकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"अप्पा, जाते मी शाळंत. पन संडासात पाणी हाय का?"

मला माहीत नव्हतं. मी नियम केला होता, फाटक केलं होतं, कर्ण्यावर भाषण केलं होतं. पाण्याचा विचार केला नव्हता. खिडकीतनं संपतनं माहिती दिली की पाणी हापशावरनं बादलीनं आणावं लागतं आणि कडी नसल्यामुळं आत बसून गाणं म्हणावं लागतं. (हा माणूस चार दिवस गाणी म्हणत होता आणि मला वाटत होतं, मजेत आहे.)

मग शालन पुढं झाली. सगळ्या गावादेखत फाटकाखालनं वाकून पलीकडं गेली, भाकरतुकडा ओवाळला आणि लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मी ओरडलो, अगं शिवलीस, आता तुला बी आत जावं लागंल. ती म्हणाली, "मी जाणारच हाय. तुमी म्हशीची धार काढा." जावई पाण्याचा घोटही न घेता आल्या पावली सांगलीला परतला. अर्ध्या तासात विहीणबाईंचा फोन. त्यांनी "दुसरीचा वर्ग?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर शाळेचं जे काही झालं ते बघून मी गार पडलो. शालननं आतनं एकेक हुकूम सोडला आणि गावानं तो पाळला. पाण्याची टाकी आली, नळ आला. दस्तगीरनं संडासाला कडी बसवली. बाज गेली, शेगडी गेली, डिंकाच्या लाडवांचे डबे गेले. फळ्यावरच्या बेरजा तशाच ठेवून खाली बाळंतिणीची खोली तयार झाली. संपतला रोज लाडू मिळायला लागला आणि त्याचे गाल वर आले. इकडं अध्यक्षांच्या घरी मात्र म्हैस धारेला उभी राहीना. तिला शालनच्या हाताची सवय. शेवटी मी शालनचं लुगडं अंगावर घेऊन बसलो, पदरसुद्धा घेतला. म्हशीनं वळून माझ्या मिशा बघितल्या आणि बादली लाथाडली. हे कुंपणाबाहेरून बघणारे लोक साथीचा नियम पाळून लांब उभे होते, पण हसायला त्यांना कुणी बंदी केली नव्हती.

आणि एका दुपारी, सांगितलेल्या तारखेच्या बऱ्याच आधी, शाळेतनं शालनची हाक आली. वैशूच्या पोटात दुखायला लागलं होतं. सरकारी गाडीला फोन लावला तर गाडी दुसऱ्या गावाला गेलेली, यायला वेळ लागेल म्हणाले. वैशू कण्हत होती, ते फाटकापर्यंत ऐकू येत होतं. आयुष्यभर हुकूम देत आलेला माणूस मी, नुसता फाटकापासून शाळेपर्यंत येरझाऱ्या घालत राहिलो.

तेवढ्यात संपत पळत आला. शाळेच्या दारापर्यंत आला आणि उंबऱ्याच्या आत थांबला. त्याचा टेम्पो समोर चिंचेखाली उभा होता, किल्ली त्याच्या हातात होती. तरी तो थांबला.

"सुभेदार, भाईर येऊ का?" त्यानं विचारलं. "तुमचा नियम हाय."

तो टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. माझ्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं आणि तोंडातनं शिव्या. मी म्हणालो, ये की गाढवा, ये लवकर. टेम्पोत गादी टाकली, वैशूला झोपवलं, शालन तिच्या उशाशी, मी मागची फळी धरून उभा. संपतनं तोंडाला रुमाल बांधून असा टेम्पो हाणला की कराड येईपर्यंत मी सगळ्या देवांची नावं संपवली.

दवाखान्यात माझं रखवालदाराशी भांडण झालं. तो म्हणत होता, आत एकच नातेवाईक. मी म्हणत होतो, मी बाप आहे. तो म्हणाला, आधी तोंडावरचा मास्क नीट लावा, तो हनुवटीला अडकलाय. मी म्हणालो, मास्क कसा लावायचा हे मला शिकवू नकोस, मी समितीचा अध्यक्ष आहे. एवढ्यात आतनं नर्स आली आणि म्हणाली, मुलगी झाली, दोघी चांगल्या आहेत. मी रखवालदाराला मिठीच मारली. त्यानंतर त्यानं मला गेटाबाहेर काढलं, आणि त्याचं बरोबरच होतं.

लेक-नात घेऊन परत आलो तर वेशीवर दस्तगीर पाइपावर हात ठेवून उभा. कराड म्हणजे बाहेरच. समितीची बैठक तिथंच झाली, सगळे हातभर अंतर ठेवून. दस्तगीर इतकं बोलू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. तो म्हणाला, साथ बी खरी हाय आनि मानसाचं घर बी खरं हाय. ज्याला घरात येगळी खोली हाय त्यानं घरातच बसावं, फकस्त त्याच्या घरच्यांनी हमी द्यायची की हा मानूस खोलीतनं भाईर येनार न्हाई. ज्याची हमी कुणी देत न्हाई, त्यो शाळंत. मी इतक्या झटकन "मंजूर" म्हणालो की काही लोकांनी माना वळवून बघितलं.

संपतच्या बायकोनं लांबूनच हात वर करून त्याची हमी दिली. संपत रानातल्या खोलीकडं गेला. वैशूची आणि बाळाची हमी शालननं दिली, शालनची वैशूनं. मी टेम्पोतनं पिशव्या उतरवायला लागलो. आता घरी जायचं, नातीला मांडीवर घ्यायचं, बाकी जगाचं काय व्हायचं ते होऊ दे.

"वैनी," दस्तगीर म्हणाला, "आनि सुभेदारांची हमी?"

शालननं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं बघताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. मी हसलो. ती हसली नाही.

"ह्यांची न्हाई देत," ती म्हणाली. "दवाखान्यात मास्क हनुवटीला हुता. तिथं बी घटकंघटकंला बाळ बघायला यायचे, दार लावलं तर खिडकीतनं यायचे. लहान जीव हाय घरात."

मी आशेनं वैशूकडं बघितलं. वैशू बाळाचं टोपडं नीट करत होती. ते आधीच नीट होतं.

मला दुसरीचा वर्ग मिळाला. कोरडा आहे, संपत खोटं बोलला नव्हता. संध्याकाळी शालन खोलीतनं व्हिडिओ कॉलवर नातीला दाखवायची आणि मला टोपड्यातलं नाक तेवढं दिसायचं. नियम कडक पाळला जातोय का नाही, हे बघणं अध्यक्षाचं काम. म्हणून रोज सकाळी मी उठायचो, फळ्यासमोर उभा राहून शाळेतल्या एकुलत्या एका माणसाची हजेरी घ्यायचो, आणि मोठ्यानं "हजर" म्हणायचो.