पाडव्याचं ताट

जऊळक्याला गाडीतून उतरलो तेव्हा सकाळीच ऊन चटके देत होतं. पुण्यात मी हिब्रू धर्मग्रंथ शिकवतो. पण किन्हीराजाच्या वसंतरावांनी पाडव्याला पुरणपोळीचं बोलावणं धाडलं की ग्रंथ मिटून निघतो. वाटेत ऑटो पंक्चर झाला, मग बॅग खांद्यावर टाकून पायीच. शिवारात कुणाचीतरी हळद शिजत होती. त्या वासानं भूक आणखी खवळली.

वसंतरावांच्या ओसरीवर एक ताट वाढून ठेवलं होतं, सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं). पाडव्याला साल संपतं. या घरची रीत अशी, की ताटावर बसला तर पुढचं साल कबूल, नाही बसला तर मोकळा. सालदार नामदेवला पुण्यात गोदामावर चौकीदारी मिळत होती, पण तिथं सोय एकट्यापुरती. आणि तो गेला की मळ्यातली खोलीही जाणार. बायको आणि बारावीला जाणारी मुलगी पूजा राहणार कुठं?

तो दारात उभा होता. बायको आणि पूजा मागे अंगणात. मला राहवेना. "जा की पुण्याला, नामदेव! आज तुला कोण अडवतंय?"

"त्याले ठरवू द्या ना, सर," वसंतराव म्हणाले. "तुमी कायले मधात पडून राह्यले?"

"बाबा, जा तुमी," पूजा म्हणाली. "आमी पाहून घेऊ." हात मात्र आईचा घट्ट धरला होता.

"तू बारावी कर. मंग पाहू." नामदेव आत आला आणि ताटावर बसला.

हिब्रू धर्मशास्त्रात असाच एक दास आहे. सातव्या वर्षी त्यानं मोकळं व्हायचं. पण धन्यानं करून दिलेली बायको आणि तिची पोरं मागेच राहायची. 'धन्यावर, बायकोवर, पोरांवर माझं प्रेम आहे, मी जात नाही,' असं तो म्हणाला, तर दाराच्या चौकटीशी नेऊन धनी अरीनं त्याचा कान टोचतो. मग तो जन्माचा दास. वर्षानुवर्षं शिकवलेला तो माणूस माझ्यासमोर बसून पोळीवर तूप घेत होता.

दुपारी नामदेवनंच मला दुचाकीवरून स्टेशनला सोडलं. मी विचारलं, "मालकावर जीव आहे तुझा?"

तो हसला. "मालक चांगले हायेत. पन मालकासाठी कोन थांबते, सर?"

गाडी सुटली आणि मला एकदम सुचलं. वसंतरावांना फोन लावला. "खोली वर्षभर मायलेकींना राहू द्या आणि नामदेवला जाऊ द्या."

ते म्हणाले, "मंग माह्यं वावर कोन पाहीन, सर?"

त्या शास्त्रातही धन्याला हे कुणी सुचवत नाही. खिडकीतून मागे पाहिलं. नामदेवला हात जोडावेत, असं फार वाटलं. पण नव्या सालाचं पहिलं पाणी द्यायला तो केव्हाच वावराकडे निघून गेला होता.