सत्तारभाऊंचे चार दिवस

पासपोर्टचा अर्ज हातात घेण्याआधी सत्तारभाऊ समोरच्याच्या पिशवीकडे बघायचे आणि म्हणायचे, "दुसराबी काढा. लपवू नका." हजला निघालेल्या रिटायर खाणकामगाराकडे दुसरा पासपोर्ट कुठून असणार? तरी विचारायचे. कधीतरी एखाद्याच्या पिशवीतून खरंच दुसरा निघायचा. मग ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि थकल्यासारखे हसायचे. "लोक डाक्टरपाशी अन् माह्यापाशी खोटं बोलतेत. दोन्हीकडं नुकसान त्याईचंच."

चंद्रपुरात जटपुरा गेटाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात त्यांचं अर्धं टेबल होतं. स्वतः ते सासुरवाडीपुरते हैदराबादला जाऊन आलेले, तेही बसने. पण कुठल्या सीमेवर काय दाखवायचं ते त्यांना पाठ होतं. एकदा हेमलकशाच्या दवाखान्यात काम करून परत निघालेली एक परदेशी नर्स आली. आई एका देशाची, बाप दुसऱ्याचा, त्यामुळे तिच्याकडे दोन पासपोर्ट, दोन्ही रीतसर. व्हिसा एकावर, आणि जाताना तिला दुसरा दाखवायचा होता. सत्तारभाऊंनी हिंदी-मराठी-इंग्रजीची खिचडी करून तिला समजावलं. ज्याच्यावर आलात त्याच्यावरच इथून निघा, तिकडे उतरल्यावर ज्याचं घर त्याची किल्ली. मी शाळेच्या कागदांची झेरॉक्स काढायला तिथेच उभी होते. ती गेल्यावर मला म्हणाले, "त्याईच्याकडं चालते, बाई. आपल्या देशाले सवत चालत नाई."

मी तेव्हा हसले होते. माझ्या धाकट्या भावाने, मिलिंदने, घरात तीच सवत आणून ठेवली आहे हे मला ठाऊक नव्हतं.

मिलिंद ऑस्ट्रेलियाचा नागरिक होऊन दीड वर्ष झालं होतं. आपला जुना पासपोर्ट त्याने परत केला नव्हता, इकडे यायचं कार्डही काढलं नव्हतं. आज करू, उद्या करू. आईच्या किडन्या गेल्या, डॉक्टरांनी बोलावून घ्या म्हटलं, तेव्हा फोनवर म्हणाला, "ताई, जुना अजून चालतो. निघताना इथला दाखवीन, मुंबईत आपला. कोणाला कळतंय? तरी एकदा सत्तारभाऊंना विचार."

मी विचारायला गेले ती 'हो' ऐकायलाच. दवाखान्यात बसून बसून माझा जीव मेटाकुटीला आला होता.

"येऊ नको म्हना त्याले," सत्तारभाऊ म्हणाले. "तिकडची शपथ घेतली त्या दिवशीच इकडचा पासपोर्ट मेला. मुंबईत पकडला तर आईपाशी नाई, आफिसरपाशी बसन."

"आणि नाही पकडला तर?"

"तर जातानी पकडतीन. बायको-पोरं तिकडं हायत ना? आधी जुना जमा करू दे, मंग तातडीचा व्हिसा. चार दिवस धरा."

"तुमची आई असती तर?" मी म्हटलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

त्याच दुपारी ते दवाखान्यात जाऊन आले, हे मला आईकडून कळलं. तिच्या खाटेशी उभं राहून म्हणाले होते, "तुमच्या पोट्ट्याले म्याच अडवलं, मावशी. चार दिवसांत येते."

आई म्हणाली, "चार ना? थांबतो मी."

आणि थांबली. रोज सकाळी विचारायची, "आज कितवा?" मी सांगायची. चौथ्या दिवशी तिने माझ्याकडून वेणी घालून घेतली, धुतलेलं पातळ मागितलं. दाराकडे तोंड करून निजली. पण तिकडे सोमवारची कसलीशी सुट्टी निघाली आणि व्हिसाचा कागद अडकला. पाचव्या दिवशी सकाळी आईने काही विचारलं नाही. दुपारी ती गेली.

मिलिंद सातव्या दिवशी आला. कागद चोख, शिक्का चोख. सत्तारभाऊ भेटायला आले, तर दारातच उभे राहिले. "इथल्या सुट्ट्या मोजल्या म्या. तिकडची ठाऊक नव्हती." मिलिंदने त्यांचा हात धरला. मी आत निघून गेले. त्यांनी नियम बरोबर सांगितला होता, तरी मला राग आला होता. कोणावर तरी यायलाच हवा होता. पुढे मिलिंदचं कार्ड झालं, आता तो दरवर्षी उजळ माथ्याने येतो. मी मात्र दोन वर्षं त्या दुकानाची पायरी चढले नाही.

सत्तारभाऊ गेले, त्याच्या काही महिने आधी मला शाळेच्या कागदांची झेरॉक्स काढायला तिथे जावंच लागलं. टेबलापाशी गडचांदूरचा एक माणूस बसला होता. त्याची बहीण कॅनडाची नागरिक झालेली, आणि वडील अंथरुणावर. पुन्हा पुन्हा विचारत होता, "किती दिवस लागतीन, भाऊ? अंदाजे तरी सांगा. बाबाले सांगावं लागते."

सत्तारभाऊंनी मान वर केली. मी दिसले त्यांना.

"येऊन राह्यली म्हना," ते त्याला म्हणाले. "दिवस नका सांगू. मानूस मोजत बसते."

मी पुढे झाले, त्यांच्या शेजारचं स्टूल ओढलं आणि बसले.